डाळीतलं ‘विष’ आणि टँकरचं पाणी: बियांची कुलपं उघडतात कशी?

“काकू, डाळीत विष असतं का हो?”

मागच्या आठवड्यात लिफ्टजवळ समोरच्या विंगमधल्या एका तरुण आईने मला हे विचारलं. तिच्या कडेवर नऊ महिन्यांचं बाळ होतं. तिने मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दाखवला. त्यातले गृहस्थ हातात मूठभर कडधान्य घेऊन सांगत होते की डाळी, गहू, शेंगदाणे, बदाम या सगळ्यांत ‘अँटिन्यूट्रिएंट’ असतात, ते अन्नातलं लोह चोरतात आणि आतड्यांना भोकं पाडतात. ते ऐकून तिने बाळाचा वरणभात बंद केला होता. चार दिवस ते पोर तांदळाच्या पेजेवर आणि दुधात बुडवलेल्या बिस्किटांवर होतं.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर वेगळीच तक्रार चालली होती. आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतो. पाण्याची ओढ इथे नवी नाही. पालिकेचं पाणी कमी पडलं की टँकर येतो, आणि टँकर आला की कुणीतरी लिहितंच, “आज सहा शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ शिजली नाही. कुणाचं असं झालंय का?” खाली दहाजणींचे हात वर.

मी अन्नशास्त्र शिकले आणि बरीच वर्षं शिकवलंही. वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन्हींच्या मुळाशी एकच पदार्थ आहे. तो व्हिडिओत चोर ठरवला गेला, आणि डाळ शिजते तीही बऱ्याच अंशी त्याच्यामुळेच. तिथपर्यंत पोचायला आधी बी म्हणजे काय ते बघू.

बी म्हणजे झोपलेलं रोप आणि त्याची शिदोरी

तांदूळ, गहू, ज्वारी, तूर, हरभरा, शेंगदाणा, तीळ, बदाम, नारळ. आपण त्यांना धान्य, कडधान्य, तेलबिया, सुका मेवा अशी नावं दिली आणि फडताळात वेगवेगळे डबे केले. झाडाच्या लेखी हे सगळं एकच, पुढच्या पिढीचं बी. त्यात तीन गोष्टी असतात: झोपलेला अंकुर, त्याला पानं फुटून स्वतःचं अन्न करता येईपर्यंत पुरेल एवढी शिदोरी, आणि वरून कवच.

हे डोळ्यांनी बघायचं तर नारळ घ्या. त्याच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, त्याच्याखाली अंकुर असतो. पाणी आणि खोबरं ही त्याची शिदोरी. जुना नारळ फोडल्यावर आत कधीकधी पांढरा, स्पंजासारखा गोड गोळा सापडतो आणि घरातली मुलं त्यावर तुटून पडतात. तो गोळा म्हणजे जाग्या झालेल्या अंकुराचा खोबरं शोषून घेणारा अवयव. रोपाने जेवायला सुरुवात केलेली असते, तेवढ्यात आपण नारळ फोडतो.

डाळींची गोष्ट जरा वेगळी. शेंगदाणा सोलून त्याचे दोन भाग करा. टोकाशी चोचीसारखं इवलंसं काहीतरी दिसेल, तो अंकुर. आणि ते दोन जाड भाग म्हणजे त्या रोपाची पहिली दोन पानं, ज्यांत झाडाने सगळी शिदोरी ठासून भरलेली असते. तूर भरडली की हीच दोन पानं सुटी होतात आणि आपण त्यांना डाळ म्हणतो.

कुणी शिदोरीत काय बांधलं यावर त्या बीचा स्वभाव ठरतो. तांदळाने मुख्यतः पिष्टमय पदार्थ बांधला, म्हणजे स्टार्च. प्रथिनं 100 ग्रॅममध्ये जेमतेम 7 ते 8 ग्रॅम. तुरीत ती 22 ग्रॅमच्या आसपास. शेंगदाण्यात जवळजवळ अर्धं तेल आणि पाव भाग प्रथिनं. अक्रोडात तर निम्म्याहून कितीतरी जास्त तेल.

ही शिदोरी उलगडताना मी पहिल्यांदा पाहिली ती आईच्या कुरडयांत. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी एप्रिलमध्ये गहू तीन दिवस पाण्यात असायचा. पाणी रोज बदललं तरी तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास. मग तो गहू वाटून फडक्यातून पिळायचा. खाली पांढरंशुभ्र दूध साठायचं, रात्रभरात त्याचा तळाशी घट्ट थर बसायचा. तो चीक. फडक्यात चोथा उरायचा, आणि तो बोटांनी ताणला तर रबरासारखा लांबायचा. चीक म्हणजे गव्हाचा स्टार्च, चोथा म्हणजे कोंडा आणि ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन. पोळी लाटता येते ती या चिवटपणामुळे. ज्वारीत हे प्रथिन नाही, म्हणून भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवावं लागतं. गरम पाण्याने स्टार्च फुगून चिकट होतो आणि ग्लुटेनचं थोडंफार काम करतो.

शिदोरीला कुलूप कशाला?

बी महिनोन् महिने जमिनीत नाहीतर कणगीत पडून राहतं. उंदीर, पोरकिडे, टोके, बुरशी सगळ्यांचा डोळा त्या शिदोरीवर. झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही. म्हणून ते शिदोरीला कुलपं लावतं.

पहिलं कुलूप कोरडेपणाचं. साठवणीच्या धान्यात पाणी 12 ते 14 टक्केच असतं, एवढ्यात बुरशी सहसा वाढत नाही. दुसरं कुलूप कवचाचं. तिसरं रसायनांचं. काही रसायनं खाणाऱ्याचं पचन बिघडवतात. काही निव्वळ साठवणीची पद्धत असतात, रोपाला सोयीची आणि आपल्याला गैरसोयीची. या सगळ्यांना मिळून अँटिन्यूट्रिएंट, म्हणजे पोषणाला आडवे येणारे घटक म्हणतात. व्हिडिओत हाच शब्द होता. शब्द खरा आहे. पण त्याखालची बरीचशी यादी कच्च्या बियांची आहे, आणि कच्ची तूर आपल्याकडे कुणी खात नाही.

भिजवणं, मोड आणणं, दळणं, भाजणं, आंबवणं, शिजवणं या हजारो वर्षं चालत आलेल्या कुलपं उघडण्याच्या रीती आहेत. प्रत्येक किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. कुठली कुठे लागते एवढं कळलं की भीती निम्मी होते.

सहा शिट्ट्या होऊनही डाळ का शिजत नाही?

वनस्पतीच्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधे सिमेंटसारखं पेक्टिन असतं. पेरूची जेली घट्ट होते ती याच पेक्टिनमुळे. डाळ शिजते म्हणजे गरम पाण्यात हे सिमेंट विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि दाणा गळून पडतो. आतला स्टार्च फुगतो तो वेगळा, पण ‘डाळ मेण झाली’ असं आपण ज्याला म्हणतो ती पेक्टिनची करामत.

पेक्टिनला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भेटले की ते घट्ट होतं, विरघळेनासं होतं. बोअरवेलच्या जड पाण्यात नेमके हेच दोन क्षार जास्त असतात. टँकर कुठे भरला यावर सगळं अवलंबून. बोअरचं पाणी आलं, तर आपण डाळीला सिमेंट विरघळवायला सांगतो आणि वरून त्यात आणखी सिमेंट ओततो.

हे मी घरी करून पाहिलं. एकाच डब्यातली तुरीची डाळ, अर्धी अर्धी वाटी दोन भांड्यांत, दोन्ही अर्धा तास भिजवलेली. एकात टँकरचं पाणी, दुसऱ्यात फिल्टरचं. आमचा फिल्टर आरओचा आहे, त्यात क्षार बरेच निघून जातात. दोन्ही भांडी एकाच कुकरात, चार शिट्ट्या. झाकण काढलं तर फिल्टरच्या भांड्यात दाणा ओळखू येत नव्हता, डाव लावताच लापशी. टँकरच्या भांड्यात पाणी पिवळं होऊन वर आलेलं आणि खाली डाळ तशीच बसलेली. एक दाणा बोटात दाबला तर कडा मऊ आणि मधोमध खडा.

पण पाणी बदलूनही कधीकधी डाळ शिजत नाही, आणि इथे त्या व्हिडिओतला चोर येतो. त्याचं नाव फायटिक आम्ल. रोपाला लागणारा फॉस्फरस बी या रूपात साठवतं. या आम्लाला कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त असे क्षार धरून ठेवायची सवय आहे. चांगली डाळ शिजताना फायटिक आम्ल पेक्टिनमधलं कॅल्शियम ओढून घेतं आणि सिमेंट सैल करतं. डाळ दमट आणि गरम जागी बरेच महिने राहिली की बीमधलंच एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, हे आम्ल तोडत राहतं. मग त्याने धरलेलं कॅल्शियम सुटतं आणि जाऊन पेक्टिनला चिकटतं. अशी डाळ कितीही उकळा, खडा तो खडाच.

महाराष्ट्रात तूर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते. श्रावणात आपण खातो ती निदान सहा महिने जुनी, आणि त्यात जून-जुलैचा ठाण्याचा दमटपणा तिने सोसलेला. शिवाय आपली तूर सगळ्या देशाला पुरत नाही. म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावीहून ती जहाजांनी येते, वाटेत कंटेनरमध्ये तापते. वाशीच्या धान्यबाजारातून ती जांभळी नाक्याच्या दुकानात येईपर्यंत तिचं वय किती, हे गोणीवर बघून आपल्याला कळत नाही. म्हणून वर्षाची डाळ एकदम भरायची जुनी रीत मी फ्लॅटमध्ये सोडून दिली. पावसाळ्यात महिन्यापुरती आणते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

मीठ, आंबट आणि सोडा

डाळ शिजेपर्यंत आंबट घालायचं नाही हे आजी सांगायची, ते बरोबर आहे. आम्लात पेक्टिन टिकून राहतं. आमसूल, चिंच, टोमॅटो हे सगळं डाळ मऊ झाल्यावरच घालावं. मिठाने कडधान्य शिजत नाही हा समज मात्र तपासून घ्यायला हवा. राजमा किंवा छोले भिजवताना पाण्यात थोडं मीठ घातलं तर मिठातला सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतो आणि साल उलट मऊ होते. करून बघा, फरक जाणवतो.

चिमूटभर खायचा सोडा पेक्टिन झटकन तोडतो. पण सोड्याने ब1 जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चवही साबणासारखी होते, म्हणून तो रोजचा उपाय नव्हे. जड पाणी आलं त्या दिवशी डाळीपुरतं फिल्टरचं पाणी वापरणं जास्त चांगलं.

मग ‘लेक्टिन’चं काय? ते तर खरंच विष आहे ना?

लेक्टिन हे काही बियांमधलं प्रथिन आहे. ते आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटतं. सगळ्यांत जोरकस लेक्टिन लाल राजम्यात असतं, आणि तिथे व्हिडिओवाल्याचं म्हणणं खरं आहे. चार-पाच कच्चे किंवा अर्धे कच्चे दाणे खाल्ले तरी एक ते तीन तासांत जोरदार उलट्या आणि मग जुलाब होऊ शकतात.

पण हे कुलूप उष्णतेने उघडतं. राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी टाका, आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळा. शंभर अंशांना दहा मिनिटांत हे प्रथिन मोडतं, तरी अर्धा तास उकळणं सुरक्षित धरतात. आपल्या कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, तिथे तर प्रश्नच उरत नाही. धोका आहे तो मंद आचेच्या विजेच्या भांड्यांचा. त्यात सकाळी राजमा लावून लोक कामाला जातात. आत तापमान 80 अंशांपर्यंतच राहिलं तर दाणा मऊ पडतो, पण लेक्टिन मोडत नाही, उलट त्याचा त्रास वाढू शकतो. नवी भांडी घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: कडधान्य आधी गॅसवर उकळा, मग मंद आचेवर टाका.

सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, तेही नीट शिजवल्यावर बरेचसे निकामी होतात. कुकरमधून निघालेल्या वरणाला लेक्टिनच्या भीतीने हात न लावणं म्हणजे तुटून पडलेल्या कुलपाला घाबरणं.

कडधान्याने गॅस होतो, तो याच विषाचा का?

नाही. कडधान्यांत रॅफिनोज आणि त्याच्या जातकुळीतल्या काही साखरा असतात. त्या तोडणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतं. न पचता त्या मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू सोडतात. त्रास होतो, पण हा आजार नव्हे. त्या जिवाणूंना असं अन्न मिळणं आतड्याच्या दृष्टीने चांगलंच.

या साखरा पाण्यात उतरतात. म्हणून छोले, वाटाणे, राजमा रात्रभर भिजवून पाणी फेकलं की त्रास कमी होतो. मोड आले की अंकुर आधी याच साखरा खातो, म्हणून मोडाची मटकी अख्ख्या मटकीपेक्षा हलकी. हिंग आणि ओवा चवीला हवेतच, पण साखर तोडायचं काम त्यांचं नाही, ते पाण्याचं आणि मोडांचं. ज्यांना फारच त्रास होतो त्यांनी मुगापासून सुरुवात करावी आणि प्रमाण हळूहळू वाढवावं. काही आठवड्यांत पोटाला सवय होते.

लोह चोरतं म्हणतात, त्यात किती तथ्य?

बरंच आहे, आणि हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. 2019 ते 21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. कारणं अनेक आहेत, पण आपलं बरंचसं लोह धान्य, कडधान्य आणि भाज्यांतून येतं आणि फायटिक आम्ल ते धरून ठेवतं. डाळीत लोह आहे, पण ते सगळं रक्तापर्यंत पोचत नाही.

यावर डाळ बंद करणं हा उपाय नाही, कारण मग उरलंसुरलं लोहही गेलं. उपाय आपल्या ताटातच आहेत. मोड येताना बीमधलं एन्झाइम जागं होतं आणि रोपासाठी फायटिक आम्ल तोडू लागतं, क्षार मोकळे होतात. कोरड्या मुगात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, मोडात ते तयार होतं. इडली-डोशाचं पीठ आंबतानाही आम्ल तुटतं. आणि सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे लिंबू. क जीवनसत्त्व लोहाला अशा रूपात ठेवतं की आतडं ते उचलू शकतं. वरणभातावरचं लिंबू, उसळीवरची कोथिंबीर, मिसळीबरोबरची लिंबाची फोड, जेवणातली कैरी किंवा आवळा यांचं काम चवीपलीकडचं आहे. फक्त लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, उकळलं तर क जीवनसत्त्व कमी होतं.

आणि चहा. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घेतलेला चहा लोहाला फायटिक आम्लासारखाच अडवतो. दुपारी जेवून लगेच चहा पिणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. तासाभराचं अंतर ठेवा, एवढीच कळकळीची विनंती.

मोडांबद्दल एक इशारा. मोड येतात त्याच ऊबदार ओलाव्यात जिवाणूही वाढतात. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय जिवाणूने पन्नासहून जास्त माणसं दगावली. लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर माणसांना मोड वाफवूनच द्या. थोडं क जीवनसत्त्व जाईल, ते लिंबातून भरून काढता येईल.

भिजवलेल्या पाण्यात जीवनसत्त्वं जातात ना?

थोडी जातात, ब गटातली पाण्यात उतरतात. म्हणून सगळ्यांना एक नियम लावू नये. तूर, मूग, मसूर या सोललेल्या डाळी धुऊन अर्धा तास भिजवल्या आणि त्याच पाण्यात शिजवल्या तर काही बिघडत नाही. राजमा, छोले, वाटाणे, वाल अशा जाड सालीच्या अख्ख्या बियांचं पाणी टाकावं. वालाच्या बाबतीत आपल्याकडे रीत आणखी पुढे गेलेली आहे. भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, मग डाळिंब्यांची उसळ. सालीबरोबर तुरटपणा जातो. तासभर बसून वाल सोलणाऱ्या बाईला रसायनाचं नाव ठाऊक नसेल, काय काढून टाकायचं ते मात्र नेमकं ठाऊक असतं.

बदाम भिजवावेत का, हेही नेहमी विचारतात. दात कमजोर असतील तर जरूर भिजवा, मऊ होतात. अख्खा बदाम रात्रभर भिजवून त्यातलं फायटिक आम्ल फारसं कमी होत नाही. कोरडा खाल्ला तरी चालतो.

कोंड्यात फायटिक आम्ल असतं, मग पांढरा तांदूळ आणि मैदाच बरा?

नाही. कोंडा काढलेला तांदूळ एकदा फार महागात पडला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरला दिसलं की पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या उठून चालू लागतात. माणसांतला बेरीबेरी हा आजारही त्याच प्रकारचा निघाला, कोंड्याबरोबर ब1 जीवनसत्त्व फेकल्यामुळे होणारा. या कामासाठी त्याला 1929चं नोबेल विभागून मिळालं. कोकणात उकड्या तांदळाची पेज पितात. भात साळीसकट उकडला की कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्याच्या आत शिरतात, नंतर कोंडा काढला तरी बरीच टिकतात.

अख्खं खावं की दळून?

बीमधला स्टार्च आणि तेल पेशींच्या भिंतीआड असतं. अख्खा शिजवलेला हरभरा चावून खाल्ला तरी कितीतरी पेशी न फुटता पोटात जातात, आतला स्टार्च सावकाश पचतो आणि रक्तातली साखर हळू चढते. त्याच हरभऱ्याचं बेसन केलं की दळणातच भिंती फुटतात. मधुमेहींनी बेसनाच्या पोळ्यापेक्षा हरभऱ्याची उसळ निवडावी ती यासाठी. बदामाचंही तसंच. 2012 साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी मोजलं तेव्हा 28 ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला 129च्या आसपास कॅलरी मिळाल्या. नेहमीच्या हिशेबाने त्या 170च्या घरात धरल्या जातात. उरलेलं तेल न फुटलेल्या पेशींतून तसंच बाहेर गेलं.

दळलं की आणखी एक गोष्ट होते. बाजरीत तेल बरंच, आणि ते तोडणारं एन्झाइमही तिच्यातच. दाणा अख्खा असेपर्यंत दोघं वेगळे राहतात. गिरणीत ते एकत्र येतात आणि थोड्याच दिवसांत पीठ कडू होतं. म्हणून बाजरी आठवड्यापुरतीच दळायची.

खरोखर घाबरावं असं काही आहे का?

आहे, आणि व्हिडिओत त्याचा उल्लेखही नव्हता. कुबट वासाचे, सुरकुतलेले, काळपट किंवा हिरवट झालेले शेंगदाणे. दमट जागी शेंगदाण्यांवर आणि मक्यावर एक बुरशी वाढते, ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये बुरशीच्या शेंगदाणा पेंडीने एक लाखाच्या वर टर्की पक्षी मेले, तेव्हा ते उजेडात आलं. 1974 मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागात बुरसलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं यकृत निकामी होऊन गेली. हे विष शिजवून, भाजून, तळून पूर्ण जात नाही. कुटाला शेंगदाणे भाजायच्या आधी ताटात पसरून निवडा. एखादा कडू लागला तर थुंका आणि चूळ भरा. बुरशी आलेली पिशवी निवडत बसू नका, टाकून द्या.

दुसरी लाखेची डाळ. तिच्यात मज्जातंतूंना इजा करणारा घटक असतो. दुष्काळात महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून ती खाणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे पडले आहेत. 1961 मध्ये देशातल्या बहुतेक राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आली. तुरीच्या डाळीत तिची भेसळ होते. तुरीचा दाणा गोलसर, लाखेचा चपटा आणि कोनदार. खूप स्वस्त सुटी डाळ मिळाली तर तळहातावर घेऊन नीट बघा.

बाळाचं काय झालं?

त्या तरुण आईला मी घरी बोलावलं आणि माझ्याकडचा कुकर दाखवला. मुगाची डाळ आणि तांदूळ एकत्र, दोन मोठे चमचे डाळ, चार तांदूळ, हळद, फिल्टरचं पाणी. तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचा शरीराला लागणारा घटक कमी असतो, डाळीत तो भरपूर. डाळीत जे कमी ते तांदळात. म्हणून ही जोडी.

“मी तर वरणाचं पाणीच देत होते, काकू. डाळ जड जाईल म्हणून,” ती म्हणाली.

वरच्या पाण्यात रंग आणि मीठ असतं, प्रथिनं खालच्या डाळीत राहतात, हे तिला सांगितलं. सहा महिन्यांनंतर बाळाला नीट शिजवून घोटलेली डाळ दाटच द्यायची. चमचा आडवा केला तर चटकन ओघळू नये, इतकी दाट.

पाच शिट्ट्यांनी कुकर उतरवला. तिने डावाने खिमट घोटलं, अर्धा चमचा तूप घातलं, निवल्यावर लिंबाचे चार थेंब पिळले. बाळाने पहिला घास तोंडातून बाहेर ढकलला, मग ओठ चाटले, आणि दुसऱ्या घासाला स्वतःच तोंड उघडलं.